मुळाबरहुकूम ‘वॉचमेन’

एखाद्या लोकप्रिय पुस्तकावरून चित्रपट निघाला की प्रेक्षकांत दोन तट पडतात, हा अनुभव जुना आहे. मूळ कृतीत जे आहे ते सारे आलेच पाहिजे, असे एकाचे म्हणणे असते. चित्रपट हे स्वतंत्र माध्यम असल्याने दिग्दर्शकाला मोकळीक हवी, असे दुसऱ्याचे. कादंबरीच्या बाबतीत हा वाद फार ताणता येत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील बेचाळीसही रात्री पडद्यावर दिसाव्यात, असा हट्ट १९५३ साली आचार्य अत्र्यांपाशी कोणा समंजस माणसाने धरला नसता. शब्दांतून उभी राहिलेली आई प्रत्येक वाचकाच्या मनात वेगळी असते आणि पडद्यावरची आई त्यांपैकी कोणाशीच तंतोतंत जुळणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

चित्रकथेचे तसे नाही. तिच्यात चेहरा, पोशाख, रस्ता, खिडकीतून पडणारा उजेड हे सगळे चित्रकाराने आधीच काढून ठेवलेले असते. त्यामुळे प्रेक्षकाला पान आणि पडदा शेजारी ठेवून ताडून पाहता येते. अमेरिकेतील सुपरहीरोंच्या चित्रपटांवर जे वाद झडतात, त्यांचे मूळ बव्हंशी या ताडून पाहण्यात आहे. या वादांतील सर्वांत उद्बोधक प्रकरण म्हणजे झॅक स्नायडर यांचा २००९ सालचा ‘वॉचमेन’ हा चित्रपट. त्याच्यावर मुळाशी फारकत घेतल्याचा आरोप झाला, आणि मुळाला नको इतका चिकटून राहिल्याचाही. माझ्या मते दोन्ही आरोपांत तथ्य आहे. मात्र आरोप करणाऱ्यांनी बोट भलत्याच जागी ठेवले आहे.

मूळ कृतीविषयी प्रथम थोडे सांगावयास हवे. अ‍ॅलन मूर हे लेखक, डेव्ह गिबन्स हे चित्रकार आणि रंगकाम जॉन हिगिन्स यांचे. मूर व गिबन्स दोघेही इंग्लंडचे, प्रकाशक मात्र अमेरिकेतील डीसी कॉमिक्स. १९८६ आणि १९८७ या दोन वर्षांत बारा अंकांतून ही कथा प्रसिद्ध झाली. अण्वस्त्रांच्या छायेतील १९८५ सालचे न्यूयॉर्क, अध्यक्षपदावर अद्याप निक्सन, आणि मुखवटे घालून गुन्हेगारांना चोप देणारी काही माणसे, ज्यांच्यावर सरकारने बंदी घातली आहे. त्यांच्यातील एकाचा खून होतो आणि रोरशाक नावाचा, अर्धवट वेडा पण तत्त्वाला कमालीचा पक्का असा त्याचा जुना सहकारी तपासाला लागतो. अखेरीस उलगडते ते असे : ओझिमँडियस या त्यांच्यातल्याच एका बुद्धिमान कोट्यधीशाने अणुयुद्ध टाळण्यासाठी न्यूयॉर्कच्या मध्यभागी एक महाकाय कृत्रिम प्राणी सोडून अर्धे शहर मारण्याचा बेत केला आहे. परग्रहावरून हल्ला झाला अशी जगाची समजूत व्हावी आणि अमेरिका व रशिया यांनी भयापोटी एक व्हावे, हा त्याचा हिशेब. तो हिशेब बरोबर ठरतो, आणि कथेतील खरा पेच तेथून पुढे सुरू होतो.

ही कथा स्वतः एका तडजोडीतून जन्मली, हे निष्ठेच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. चार्लटन या प्रकाशनसंस्थेची पात्रे डीसीने विकत घेतली होती आणि मूर यांनी ती वापरण्याची कल्पना मांडली. या कथेत पात्रांची जी गत होते, तीनंतर ती पुढे उपयोगाची राहणार नाहीत हे ओळखून संपादक डिक जिओर्डानो यांनी नवी पात्रे निर्माण करावयास सांगितले. ‘क्वेश्चन’चा रोरशाक झाला आणि कॅप्टन अ‍ॅटमचा डॉ. मॅनहटन. मुळावरहुकूम चालण्याची सक्ती मूर यांच्यावर झाली असती, तर ‘वॉचमेन’ लिहिलेच गेले नसते.

या चित्रकथेवर चित्रपट होणार नाही, असे अनेक वर्षे मानले जाई. टेरी गिलियम यांनी प्रयत्न करून पाहिला आणि पाच तासांची मालिका केली तरच काही साधेल, अशा निष्कर्षाप्रत ते आले. स्नायडर यांनी फ्रँक मिलर यांच्या ‘३००’चे चित्रपटात रूपांतर करताना पुस्तकातील चौकटींचा थेट दृश्यांसारखा उपयोग केला होता, तीच पद्धत त्यांनी येथे वापरली. रक्ताचा थेंब पडलेला हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा बिल्ला, पावसातील दफनविधी, मंगळावरील काचेचा प्रासाद, रोरशाकच्या तोंडची वाक्ये, पुष्कळसे गिबन्स यांच्या रेषेबरहुकूम. गंमत अशी, की जाणकारांनी चित्रपटातील जो भाग एकमुखाने वाखाणला ती आरंभीची श्रेयनामावली. मुखवटाधाऱ्यांचा अर्धशतकाचा इतिहास तेथे जवळजवळ निश्चल चित्रांच्या मालिकेतून उलगडतो, आणि तो भाग पुस्तकात या रूपात नाही.

वाद पेटला तो शेवटावरून. मूळच्या महाकाय प्राण्याला एकच डोळा; कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याचा हा राक्षसी भाऊ. स्नायडर यांनी तो काढून टाकला. चित्रपटात ओझिमँडियस डॉ. मॅनहटनच्या शक्तीची नक्कल करून जगातील अनेक शहरांवर स्फोट घडवतो आणि त्याचा आळ मॅनहटनवर येतो. माकूल गेला म्हणून पुस्तकाच्या भक्तांनी जो आकांत मांडला, तो मला अनाठायी वाटतो. तो प्राणी पडद्यावर आणायचा तर बेपत्ता कलावंत आणि शास्त्रज्ञ, दूरचे बेट, त्या सर्वांचा काटा काढणे हे उपकथानकही आणावे लागते. चित्रपटाने कथेतीलच एका पात्राकडून ते काम करून घेतले, यात काटकसरही आहे आणि तर्कही. तर्काला एक भोक आहे खरे : मॅनहटन हा अमेरिकेचाच हुकमी एक्का. त्याने मॉस्को बेचिराख केले तर रशिया अमेरिकेच्या गळ्यात गळा घालील की गळा धरील? पण असे भोक माकूलाच्या कथेतही शोधणाऱ्याला सापडेल. इंद्रजाल कॉमिक्सने वेताळाचा देश बंगालशी नाव जुळते म्हणून ‘डेंकाली’ करून टाकला, तरी वेताळ वेताळच राहिला. काही बदल वरवरचे असतात.

दुसरे काही बदल मात्र गाभ्याला जाऊन भिडतात आणि पान व पडदा ताडून पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाहीत. मूर आणि गिबन्स यांनी बहुतेक पाने नऊ समान चौकटींत बसवली आहेत. अकरा अंकांत वाचकाला या शिस्तीची सवय होते. बाराव्या अंकाच्या आरंभी ती एकदम मोडते आणि ओळीने सहा पाने, प्रत्येकी एकाच चित्राची, समोर येतात. त्यांत एकही संवाद नाही. मध्यरात्र झालेली आहे आणि रस्त्यात, दारांत, खिडक्यांतून प्रेतांचा खच पडलेला आहे. ही कोणा अनोळखी माणसांची प्रेते नव्हेत. कोपऱ्यावरचा वृत्तपत्रविक्रेता आणि त्याच्या गाड्यापाशी बसून चाच्यांची चित्रकथा फुकटात वाचणारा पोरगा यांचे बोलणे आपण कितीतरी अंक ऐकत आलेलो असतो. जग वाचवण्याची किंमत किती, हा प्रश्न ओझिमँडियस तत्त्वचर्चेसारखा मांडतो. गिबन्स त्याचे उत्तर सहा पानांत देतात.

स्नायडर यांच्या चित्रपटात या जागी एक खड्डा आहे. शहराच्या मध्यभागी प्रचंड, स्वच्छ, रिकामा खड्डा. माणसे विरून गेलेली आहेत. प्रेत एकही नाही. विक्रेता आणि पोरगा चित्रपटगृहात दाखवलेल्या १६२ मिनिटांच्या आवृत्तीत क्षणभर दिसतात, पण ते कोण हे पुस्तक न वाचलेल्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यांचे प्रसंग नंतरच्या, २१५ मिनिटांच्या आवृत्तीत आले, पण खड्डा तोच राहिला.

हाच दिग्दर्शक रक्त दाखवण्यास कचरणारा असता तर समजण्यासारखे होते. वस्तुस्थिती उलट आहे. पहिला खून मूळ पुस्तकात दोन पोलीस मृताच्या घरात बोलत असता मधूनमधून येणाऱ्या लालसर चौकटींत उरकतो. चित्रपटात ती काही मिनिटांची, भिंती फोडणारी, मंद गतीने डोळ्यांत भरवलेली हाणामारी आहे. गल्लीतील मारामारीत मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येते. बालिकेची हत्या करणाऱ्याला रोरशाक पुस्तकात लोखंडी शेगडीला बेड्यांनी जखडतो, घर पेटवतो आणि बाहेर उभा राहून ते जळताना पाहतो. त्या पाहण्यातच तो माणूस संपून केवळ मुखवटा उरतो. चित्रपटात तो सुऱ्याने डोक्यावर घाव घालीत सुटतो. मूळ कृतीतील नाइट आउल हा पोट सुटलेला, अंगातील रग गेलेला मध्यमवयीन गृहस्थ. पोशाख चढवल्याशिवाय त्याला पुरुषार्थ जाणवत नाही, हे त्याचे केविलवाणेपण. पडद्यावर तोच पोशाख पिळदार झालेला आहे. मुखवटे घालून मारामारी करण्यात मूलतःच काही विकृत आहे, हे सांगणाऱ्या कथेतून ती मारामारी देखणी होऊन बाहेर पडते. मोजक्या माणसांचा मार चवीने आणि असंख्यांचा मृत्यू साफसूफ : मूळ लेखक-चित्रकारांनी नेमके याच्या उलट केले होते. याच्या तुलनेत माकूलाचा जीव तो केवढा!

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. पुस्तकाच्या शेवटी ओझिमँडियस मॅनहटनला एकांतात विचारतो, की अखेरीस मी केले ते योग्यच ठरले ना? कशालाच अखेर नसते, अशा अर्थाचे उत्तर देऊन मॅनहटन निघून जातो. जगातला सर्वांत हुशार माणूस आपल्या विजयाच्या क्षणी एकटा, अस्वस्थ उभा राहतो. चित्रपटाने ते वाक्य राखले आहे, पण मॅनहटनच्या तोंडी नाही. मागाहून लॉरी ते नाइट आउलला सांगते, की मॅनहटन असता तर असे म्हणाला असता. खुन्याच्या मनात रुतावयाचा काटा दोन प्रेमिकांच्या सांत्वनाचा मलम होतो. शब्दांची यादी करणाऱ्याला येथे काहीच हरवलेले दिसणार नाही.

न्यायाने हेही म्हटले पाहिजे, की काही गोष्टी कोणत्याही दिग्दर्शकाला साधल्या नसत्या. चौथ्या अंकात मॅनहटन मंगळावर बसून आपले आयुष्य आठवतो. ‘आठवतो’ हे क्रियापदही चुकीचे, कारण त्याला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. हातातील छायाचित्र, तेच जमिनीवर पडलेले, आणि अनेक वर्षांपूर्वीची जत्रा ही कागदावर शेजारी शेजारी असतात. वाचक पान उलटून मागे जाऊ शकतो, दोन चौकटींवर एकदम नजर ठेवू शकतो. म्हणजे मॅनहटनला काळ जसा दिसतो तसाच त्याला दिसतो. पाचवा अंक तर आरशासारखा आहे : पहिल्या पानाची रचना शेवटच्या पानाशी जुळते आणि घडी मधल्या जोडपानावर पडते. चित्रपटगृहात काळाचा लगाम यंत्राच्या हाती असतो. स्नायडर यांनी चौथ्या अंकाचा प्रसंग फिलिप ग्लास यांच्या संगीतावर मनःपूर्वक रचला आहे आणि तो चित्रपटातील सर्वांत संयत भाग आहे. तरी तो शेवटी एकामागून एक येणाऱ्या आठवणींचाच झाला. चित्रकथेलाच जे साधते ते करून दाखवण्यासाठी ‘वॉचमेन’ची रचना केली, असे मूर सांगत आले आहेत. त्यांचे म्हणणे हेकटपणाचे वाटते खरे, पण पाचवा अंक हाती घेतला की ते पटते.

मूर यांच्या हेकटपणाला दुसरीही बाजू आहे आणि निष्ठेच्या चर्चेत ती क्वचितच येते. पुस्तक छापणे थांबले की हक्क लेखक-चित्रकारांकडे परत यावेत, असा मूळ करार होता. त्या काळी अमेरिकेत चित्रकथा थोड्या अवधीत बाजारातून नाहीशी होई. तेव्हा हा करार निर्मात्यांच्या हिताचा वाटला असल्यास नवल नाही. पण १९८७ साली एकत्रित आवृत्ती निघाली, तिला अफाट मागणी आली आणि तिची छपाई कधी थांबलीच नाही. यशानेच त्यांच्या हातून त्यांची कृती गेली. पुढे डीसीने २०१२ मध्ये याच पात्रांच्या पूर्वकथा दुसऱ्यांकडून लिहवून घेतल्या. चित्रपट तयार होत असताना ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि वॉर्नर या दोन कंपन्या हक्कांसाठी न्यायालयात झुंजत होत्या आणि जानेवारी २००९ मध्ये त्यांच्यात तडजोड झाली. ज्यांनी ही माणसे कल्पिली, ते दोघेही त्या खटल्यात पक्षकार नव्हते. मूर यांनी चित्रपटावर आपले नाव घालण्यास नकार दिला आणि आपल्या वाट्याचा पैसा गिबन्स यांना मिळावा असे सुचवले. गिबन्स यांनी चित्रपटाला सहकार्य केले. म्हणून प्रत्येक चौकट मुळाबरहुकूम उतरवणाऱ्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मूळ पुस्तक गिबन्स यांनी ‘सहनिर्मित’ केल्याचा उल्लेख आहे. सह कोणाच्या, ते लिहिलेले नाही.

दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, डेमन लिंडेलॉफ यांनी एचबीओसाठी नऊ भागांची मालिका केली. तिने पुस्तकातील एकही प्रकरण पडद्यावर उतरवले नाही. कथा ओक्लाहोमातील टल्सा येथे नेली आणि १९२१ साली त्या शहरात गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची जी कत्तल केली तिच्यापासून आरंभ केला. प्रश्न मात्र पुस्तकातलाच राहिला : मुखवटा कोण घालतो, आणि कशासाठी? पाचव्या भागात एक मुलगा जत्रेतील आरसेमहालातून बाहेर येतो आणि त्याच्या भोवती, जिकडे तिकडे, माणसे मरून पडलेली आहेत. नदीपलीकडच्या शहरावर तो अवाढव्य माकूल पसरलेला दिसतो. चित्रपटाने वगळलेली प्रेते पडद्यावर आली ती अशी, मुळापासून सर्वांत दूर गेलेल्या कृतीत. या मालिकेच्या श्रेयनामावलीतही गिबन्स यांचे नाव आहे. मूर यांचे नाही.