हन्ना ते आना

हन्ना हे हिब्रू नाव. अर्थ कृपा, अनुग्रह. बायबलमधली हन्ना ही एल्कानाची बायको. मूल होत नाही म्हणून शिलोच्या मंदिरात ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती, तर एली याजकाला वाटलं, बाई दारू प्यायली आहे! पुढे तिला शमुवेल झाला. ग्रीकमध्ये ‘ह’ गळून ‘आना’ उरलं. येशूची आई मरिया, तिच्या आईचं नाव हेच मानतात. पण ते चारही शुभवर्तमानांत नाही, दुसऱ्या शतकात याकोबाच्या नावावर लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात आहे. त्यातली आनाही दीर्घकाळ निपुत्रिक. कथा उघडच हन्नाच्या वळणावर गेलेली! गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीच्या सांत आना चर्चमध्ये जुलैअखेरीच्या फेस्ताला अपत्य मागणारी जोडपी आजही काकड्या वाहतात.