मिठाला गिऱ्हाईक कुठले?

समुद्र दाराशी असूनही एकोणिसाव्या शतकात बंगाल विलायतेतल्या चेशायरचे मीठ खात असे! कलकत्त्याकडे माल भरायला निघालेली लिव्हरपूलची जहाजे ते कमी भाड्यात आणीत. मिठाच्या व्यापारात जहाजाचे भाडे हे असे मोठे प्रस्थ आहे.

आता पारडे फिरले आहे. कच्छच्या आगरांतले मीठ चीन, जपान, दक्षिण कोरियाला जाते. पण लोणच्यासाठी नव्हे हो! मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरिन आणि कॉस्टिक सोडा मिळतो. साबण, कागद, प्लॅस्टिक यांचे कारखाने त्यांवर चालतात. जपानला समुद्राचा तोटा नाही, पण पाऊस फार आणि सपाट जमीन थोडी. तिथे ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको हे मुरलेले विक्रेते.

असले गिऱ्हाईक चव पाहत नाही, पृथक्करणाचा कागद पाहते. कॅल्शियम, मॅग्नेशियम किती? म्हणून धुतलेल्या मिठाला मान. शिवाय माल इतका स्वस्त, की लांबच्या बंदराचे भाडे कधी किमतीच्याही वर जाते. मग घासाघीस होते ती आगरावरच्या दराची. आणि उन्हात मीठ ओढणाऱ्या अगरियाला तर जहाजाचे तोंडही दिसत नाही.