प्रताधिकार व मुक्त परवाना

साहित्य, संगीत, कला इ. क्षेत्रांतील मूळ कृतीच्या प्रती काढण्याचा, ती प्रसिद्ध वा भाषांतरित करण्याचा कर्त्यास ठराविक मुदतीपुरता मिळणारा अनन्य अधिकार म्हणजे प्रताधिकार. कर्त्यास श्रमाचे फळ मिळावे व मुदतीनंतर कृती समाजाची व्हावी, हा त्याचा दुहेरी हेतू होय. भारतात १९५७ च्या अधिनियमानुसार ही मुदत सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे (१९९२ पूर्वी ५०) आहे. नाशिकच्या कारागृहात १९३३ मध्ये लिहिलेल्या श्यामची आई या पुस्तकाचे कर्ते साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. त्यामुळे २०११ पासून ते कोणासही छापता येते.

परंपरागत लोककथेवर व्यक्तीचा प्रताधिकार नसतो. तिला दिलेल्या शब्दरूपावर असतो. कळवण तालुक्यातील कोकणा बोलीतील कथा आज कोणी शब्दबद्ध केल्या, तर तेथील लोकांनाही तो संग्रह अनुमतीवाचून पुन्हा छापता येणार नाही; मुदत संपेतो दोन पिढ्या उलटतील. मुक्त परवान्याने कर्ता प्रताधिकार स्वतःकडे ठेवून नामनिर्देशादी अटींवर सर्वांना आगाऊ अनुमती देतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे असे परवाने २००२ पासून प्रचलित असून मराठी विकिपीडियाचा मजकूर त्यांपैकी एकाखाली उपलब्ध आहे. ही अनुमती परत घेता येत नाही. म्हणून ती विचारपूर्वक द्यावी लागते.