वादळाने दुखावलेली झाडे : तोडण्यापूर्वी तपासणी

गोव्याच्या किनारपट्टीस वादळे अपरिचित नाहीत. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले, तेव्हा ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली, वीजवाहिन्या तुटल्या, रस्ते अडले व जीवितहानीही झाली. पडलेली झाडे हटविली की संकट टळले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः उभी राहिलेली परंतु दुखावलेली झाडे त्यानंतरही धोकादायक असतात. मे महिन्यातील वादळामागोमाग जूनचा पाऊस येतो. भिजलेली माती सैल झालेल्या मुळांना धरून ठेवू शकत नाही. आणि जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ असेल, तर मुळे मुळातच खोल गेलेली नसतात. यास्तव घराजवळील, रस्त्यालगतच्या व शाळेच्या आवारातील झाडांची तपासणी पावसापूर्वी होणे अगत्याचे आहे.

धोक्याच्या खुणा

झाड नव्याने कलले असून बुंध्याच्या एका बाजूस जमीन उचलली गेली किंवा भेगाळली असेल, तर मुळे तुटली आहेत असे समजावे. वर्षानुवर्षे तिरके वाढून शेंडा सरळ झालेले झाड आणि एका रात्रीत कललेले झाड यांत हा महत्त्वाचा भेद आहे. बुंध्यावरील उभी चीर, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यातील फाट, ढोली, बुंध्याशी उगवलेली अळंबी आणि अर्धवट तुटून वर अडकलेली फांदी याही खुणा दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. माडाचा शेंड्याकडील कोंब मोडला असेल, तर त्यास नवा कोंब फुटत नाही. तो पुढे वाळतो. आंबा, फणस यांसारखी झाडे मात्र काही फांद्या गमावूनही सावरतात. म्हणजेच दुखावलेले प्रत्येक झाड तोडलेच पाहिजे असे नाही.

वीजवाहिनीस टेकलेल्या झाडाजवळ कोणीही जाऊ नये. वीज खात्यास कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तेथे कोणतेही काम हाती घेऊ नये.

काम कोणावर सोपवावे

पाडेली माडावर चढण्यात निष्णात असतो. परंतु वादळात फाटलेला आंबा उतरविणे हे निराळे काम आहे. ताणाखाली वाकलेले लाकूड करवत लागताच उसळते, व त्याचा तडाखा प्राणघातक ठरू शकतो. यासाठी अशा कामाचा अनुभव असलेलाच कारागीर निवडावा. तो झाड न पाहताच मोबदला सांगतो, की आधी बुंधा, मुळे व शेंडा तपासतो. कमरपट्टा, दोर व शिरस्त्राण वापरतो काय. जमिनीवर लक्ष ठेवण्यास दुसरा माणूस ठेवतो काय. कामगारांचा अपघात विमा आहे काय, या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ विमा योजना आहे. पाडेलींनी तिचा लाभ अवश्य घ्यावा.

मजुरीऐवजी लाकूड न्यावे, असा व्यवहार काही ठिकाणी होतो. तो मालकास स्वस्त वाटतो. परंतु ज्याची मजुरी लाकडातून निघावयाची, त्याचा सल्ला तोडण्याकडेच झुकणार, हे उघड आहे. सल्ला व लाकूड यांचा संबंध शक्यतो ठेवू नये. कोणती फांदी काढावयाची, लाकूड कोणाचे, पालापाचोळा कोण उचलणार व मोबदला किती, हे कागदावर लिहून घ्यावे.

छाटणीची रीत

जड फांदी एकाच घावात तोडल्यास ती खाली येताना बुंध्याची साल ओरबाडून नेते. म्हणून तीन काप द्यावेत. पहिला काप बुंध्यापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या सुमारे पाव भागापर्यंत. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून आरपार. आणि उरलेल्या खुंटाचा तिसरा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वळीच्या लगत, वळीस धक्का न लावता द्यावा. याच वळीतून जखम भरून येते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो, व वळी कापली तर कूज बुंध्यात शिरते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याची पूर्वापार रूढी आहे. तथापि त्याने कूज थांबत नाही, असे अमेरिकेच्या वन सेवेतील संशोधक ॲलेक्स शिगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले.

‘शेंडा उडविला की झाड सुरक्षित’ हीदेखील भ्रामक समजूत होय. शेंडा छाटलेल्या ठिकाणी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, आणि काही वर्षांनी तेच जाड होऊन वाऱ्यात मोडतात.

कायद्याची बाजू

गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये खाजगी जागेतील झाड तोडण्यासही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माड २०१६ साली या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला होता. पुढे त्याचा पुन्हा समावेश करण्यात आला. मोठ्या फांद्या छाटण्यापूर्वीही खात्याकडे विचारणा करावी. जीवितास तत्काळ धोका असेल, तर अग्निशमन दलास १०१ क्रमांकावर कळवावे, झाडाची छायाचित्रे काढून ठेवावीत व वृक्ष अधिकाऱ्यास विनाविलंब लेखी खबर द्यावी.

घाईने तोडलेल्या आंब्याच्या जागी लावलेले कलम तेवढी सावली देण्यास एक पिढी घेते. तर हयगयीने उभे ठेवलेले झाड एखाद्या पावसाळी रात्री घरावर येऊ शकते. या दोहोंतील निर्णय अंदाजाने न घेता तपासणीअंती घ्यावा. नागरिकांनी व पंचायतींनी ही तपासणी दरवर्षी मे महिन्याच्या आरंभीच करून घेतल्यास संभाव्य हानी बरीचशी टाळता येईल.