सदिश क्षेत्र : एका संज्ञेचा अर्थव्याप

लखनौच्या पुलावरून गोमतीकडे पाहिले असता पाण्याच्या प्रत्येक बिंदूपाशी वेगाचे परिमाण आणि दिशा कल्पिता येते. अभिजात भौतिकीतील सदिश क्षेत्र ते हेच. पाण्याचे तापमान हे अदिश क्षेत्र. पुंज क्षेत्र सिद्धांताकडे वळणारा अभ्यासक बाणांचे हेच चित्र घेऊन येतो आणि तेथेच अडतो.

याला मराठी संज्ञाही काही अंशी कारण आहे. ‘सदिश’ हा शब्द केवळ दिशेवर भर देतो. वस्तुतः या सिद्धांतात क्षेत्र सदिश ठरते ते निरीक्षकाची चौकट फिरवली वा गतिमान केली असता त्याचे चार घटक कोणत्या नियमाने परस्परांत मिसळतात, यावरून. शिवाय बिंदूपाशी तेथे संख्या नसते, कारक असतो. आणि क्षेत्राचे पुंज म्हणजे परिवलन १ असलेले कण. घटक चार असले तरी ते सारे स्वतंत्र नव्हेत. प्रोका यांच्या १९३६ च्या समीकरणात वस्तुमानयुक्त क्षेत्राला तीन स्वतंत्र अवस्था उरतात. वस्तुमानहीन प्रकाशकणाला, गेज सममितीमुळे, दोनच.

लॅटिन ‘वेक्टर’चा मूळ अर्थ वाहून नेणारा. (रोगवाहक डासालाही इंग्रजीत तोच शब्द.) सर्न येथे १९८३ साली आढळलेले डब्ल्यू व झेड हे सदिश कण बलवाहक म्हणवले जातात, हा योगायोग ‘सदिश’मध्ये हरवतो.

‘क्षेत्र’ शब्दाची अडचण निराळी. शेत, तीर्थस्थान हे अर्थ तर आहेतच. पण ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाशी परिचित वाचक क्षेत्रामागोमाग क्षेत्रज्ञही शोधू लागतो. भौतिकीच्या समीकरणांत त्याला जागा नाही.