वरोऱ्याची मिटलेली खाण

चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा आज आनंदवनामुळे ओळखलं जातं. त्याच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकापासून १९०६ पर्यंत, इथे सरकारी कोळसा खाण चालत होती. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली ती या कोळशासाठीच. पुढे खाण मिटली आणि गाडी बल्लारपूरकडे गेली. असा इतिहास इमारतींना रंग देऊन जपता येत नाही, कारण खाणीचा मोठा भाग जमिनीखाली असतो.

म्हणून आधी कागद धुंडाळायचे. भूवैज्ञानिक ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा १८७७ चा अहवाल आणि १९०९ चं चांदा गॅझेटिअर ही सुरुवात. नागपूरच्या पुराभिलेखागारात मध्य प्रांताचं दप्तर आहे, तिथेही शोध घ्यायचा. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे खाणीचा नकाशा. भुयारं कुठवर गेली, उभी विहीर कुठे होती, हे दुसरं कोणी सांगू शकत नाही.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना घाई नको. नाल्याचं वळण, गावाची शीव, जुनं देऊळ अशा सहसा न हलणाऱ्या खुणा दोन्हीकडे जुळवायच्या. मापं साखळीत असतील तर एक साखळी म्हणजे ६६ फूट. भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा आणि बंदोबस्त मिसल (जुन्या जमीन-मोजणीचं महसुली दप्तर) इथे फार कामी येतात.

मग प्रत्यक्ष जमीन. भुयारी खाणीत छत तोलायला कोळशाचे खांब सोडतात. काळाने ते खचले की वरची जमीन बसते आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. असे खळगे नकाशाशी ताडून पाहायचे, पण लांबूनच. भेगा पडलेल्या जमिनीवर पाऊल टाकू नये. जुन्या तोंडातून तर कुणीही आत उतरू नये; तिथे प्राणवायू कमी असतो आणि विषारी वायू साठलेला असू शकतो.

१९०६ ला खाणीत राबलेलं आज कोणी हयात नाही. म्हणून नातवंडांना ‘इतिहास सांगा’ म्हणू नका. ‘आजोबांचं घर कुठं होतं, दुकान कुणाचं होतं, पाणी कुठून भरायचे’ असं विचारा. आठवण ऐकीव आहे की पाहिलेली, हे वेगळं नोंदवा. माझ्या मते या नोंदीशिवाय मुलाखतीला फारसा अर्थ उरत नाही.

प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याला शंभर वर्षांचं वय लागतं. ते वरोऱ्याच्या खाणीचं भरलं आहे, पण संरक्षणाची वाट लांबची असते. तोवर नकाशे, फोटो आणि मुलाखतींची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि दुसरी गावाबाहेर ठेवा. प्रत्येक प्रतीवर सांगणाऱ्याची परवानगी, तारीख आणि ठिकाण लिहिलेलं असावं.