उंच पेल्यांतलें दूध

एकत्र कुटुंबांत सकाळीं दूध वांटतांना एक तंटा नित्याचा असतो. एकाच मापानें मोजलेलें दूध धाकट्यास वाटींत व थोरल्यास उभट पेल्यांत मिळालें, कीं धाकटा रडूं लागतो, "दादाला जास्त दिलें!" वडील मंडळी त्यास हावरट ठरवून मोकळी होतात. आमच्या मतें हा निवाडा अन्यायाचा आहे. त्या मुलास जें दिसतें, तेंच तें सांगत असतें.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनीं संख्येच्या कल्पनेवरील १९४१ च्या ग्रंथांत या गोष्टीचा विचार केला आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखेंच पेय आहे हें मुलाकडून वदवून घ्यावयाचें, आणि त्याच्या देखत एकांतील पेय अरुंद, उंच पेल्यांत ओतावयाचें. चार-पांच वर्षांचें मूल बहुधा 'यांत अधिक' म्हणतें. सातव्या वर्षाच्या सुमारास मात्र 'घातलें नाहीं, काढलें नाहीं, मग सारखेंच' असें कारणासह उत्तर येऊं लागतें.

वैशेषिकांनीं परिमाणाचे अणु, महत्, ह्रस्व व दीर्घ असे चार भेद मानिले. बालकाची दृष्टि दीर्घावर खिळते व तेंच त्यास महत् वाटतें. उंची वाढली तेव्हां रुंदी घटली, हें दोन्ही एकदम ध्यानांत घेणें त्यास साधत नाहीं. त्यांत आपल्या भाषेंत 'मोठा' हा एकच शब्द वयास, उंचीस व आकारास चालतो! ठेंगण्या काकांहून उंच पुतण्या 'मोठा' असें एखाद्यानें म्हटलें, तर हंसण्याचें कारण नाहीं.

तथापि चुकलेलें उत्तर म्हणजे अज्ञानच, असेंही नाहीं. १९७४ सालीं मॅक्गॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनीं सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून, त्यांतील एक खेळण्यांतल्या खोडकर अस्वलाकडून विसकटविली. परीक्षकानें स्वतः ओळ हलविली असतां जितकीं मुलें चुकत, त्याहून पुष्कळ कमी या वेळीं चुकलीं. गुरुजी तोच प्रश्न पुन्हा विचारतात, त्या अर्थीं पहिलें उत्तर चुकलें असावें, असें मूल समजतें. वर्गांत हा अनुभव कोणा शिक्षकास नाहीं?

पूर्वीं दोन चिपट्यांचें मापटें व दोन मापट्यांचा शेर हें मुलें धान्य मोजतां मोजतां शिकत. १९५८ पासून मेट्रिक पद्धति येऊं लागली व तीं मापें मागें पडलीं. वाटी व पेला मात्र घरोघर आहेत. धाकट्याकडूनच वाटींतलें पाणी पेल्यांत व पेल्यांतलें परत वाटींत ओतवावें. चार थेंब सांडले तरी ओरडूं नये. एवढ्यानें पांचव्या वर्षीं त्याची खात्री पटेलच असें नाहीं. तोंपर्यंत दोघांसही सारख्याच भांड्यांतून दूध द्यावें.